छप्पन आणि चौसष्ट

आमच्या माधवगंजच्या घरात इंटरनेट यायचं ते आरडाओरडा करत. आधी डायल टोन, मग नंबर फिरल्याची टकटक, मग पलीकडून एक लांब शिट्टी, तिला आमच्या मोडेमचं उत्तर, आणि मग दोघांची मिळून जी खरखर-घरघर सुरू व्हायची ती चांगली अर्धं मिनिट चालायची. आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "झालं यांचं भांडण सुरू." बाबा मात्र तेवढा वेळ डोळे मिटून उभे राहायचे. ते टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. रस्ता खणून जमिनीखालची जाड केबल उघडायची, आतल्या शेकडो बारीक तारा रंगांवरून ओळखायच्या आणि एकेक जोडी पिळून सांधायची, हे त्यांचं काम. आमच्या लश्कर भागाच्या गल्ल्यांमधल्या खड्ड्यांत वाकून त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुठल्या घराची तार कुठून येते हे त्यांना तोंडपाठ होतं. मोडेमची किरकिर संपली की ते डोळे उघडून निदान सांगायचे. "बाडा चौकाच्या अलीकडच्या सांध्यात ओल आहे," किंवा, "आज लाइन साफ आहे, एकतीस देईल बघ." आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात खरंच वेगाचा आकडा उमटायचा, एकतीस हजार दोनशे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, शिकत होते विज्ञान, आणि तरी हा प्रकार मला जादूचाच वाटायचा. आता वाटतं, त्यात निम्मी विद्या होती आणि निम्मा अंदाज, आणि चुकलेले अंदाज आम्ही सगळे सोयीस्करपणे विसरत होतो.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आली ती घराची मुखत्यारच झाली. किल्ल्या तिच्याकडे, लोणची तिच्याकडे, कुळाचार तिच्याकडे. आमचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर आले, घोड्यावर बसून आले असं आत्या सांगायची. बाबा म्हणायचे, पायीच आले असतील, घोड्यावर बसणाऱ्यांची घरं मोठी आहेत. त्या पूर्वजाची एक तलवार आमच्याकडे होती, म्यानातून निघायची नाही इतकी गंजलेली. फौज गेली, संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, तोही मोडून मध्य प्रदेश झाला, आणि आमच्या घरातली माणसं दर खेपेला नव्या सरकारच्या कुठल्या ना कुठल्या टेबलाशी चिकटली. आई किला गेटच्या बाजूच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होती. वीस वर्षं तेच टेबल, तीच खिडकी. सकाळी साडेनवाला डबा घेऊन टेंपोनं जायची आणि सहाला परत यायची. ऑफिसातलं ती घरी फारसं बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू. आता लिहिताना हे मला चांगलंच टोचतं आहे.

कॉम्प्युटर जुना होता, बाबांच्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी देऊन टाकलेला. तो आला तेव्हा आत्यानं त्याला ओवाळलं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी दिवे लुकलुकणारा काळा मोडेम आणि त्याच्या शेजारी फोन. इंटरनेट चालू असताना फोनवर लाल टॉवेल टाकायचा, म्हणजे कुणी उचलू नये, असा नियम होता. उचलला की संपलं. अर्धं उतरलेलं सगळं वाया आणि पुन्हा पहिल्यापासून भांडण. त्यामुळे माझ्या मामांना इंदूरहून फोन लावताना तासतासभर एंगेज लागायचा आणि ते आईला म्हणायचे, "ताई, तुमच्याकडे बोलतं तरी कोण एवढं?" गल्लीतली मुलं निकाल बघायला आमच्याकडे यायची. आत्या सगळ्यांना पोहे द्यायची आणि वर म्हणायची की मशीन हिच्या बापाचं, फुकट पोहे माझे. मी एक वही केली होती. रोज किती वाजता जोडलं, किती आकडा आला, किती वेळा तुटलं, हे त्यात लिहायचे. मोडेमच्या खोक्यावर छप्पन असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, छप्पन हजार, पण ते छप्पन आमच्या घरी कधी आलं नाही. मे महिन्याच्या एका दुपारी, जमीन अगदी कोरडी ठणठणीत असताना, चव्वेचाळीस आलं होतं. बाबांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

त्याच वर्षी चंदूभैयांनी लीज्ड लाइन घेतली. चंदूभैयांचं बाड्याजवळ कॉम्प्युटर सेंटर होतं, वर जिना चढून गेलं की आठ मशीनं ओळीनं मांडलेली. त्यांनी बाहेर पाटी लावली, 'अब डायल करने का झंझट खत्म'. ती लाइन टाकायचं काम बाबांकडेच आलं. एक्स्चेंजपासून सेंटरपर्यंत तांब्याच्या दोन जोड्या, कायमच्या राखून ठेवलेल्या, मध्ये कुणाचा फोन नाही, काही नाही. बाबांनी चार दिवस खपून सांधे केले आणि पाचव्या दिवशी घरी आले ते चेहरा पाडून. मी विचारलं, काय झालं. "अगं, लाइन चालू झाली. पण मी हँडसेट लावून ऐकलं तर त्यात टोनच नाही. काहीच नाही. मुकी लाइन." मी त्यांना समजावलं की ही लाइन फोनसाठी नाहीच. मोडेम आकड्यांचा आवाज करून पाठवतो आणि पलीकडचा त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो, म्हणून आपल्याला भांडण ऐकू येतं. इथे आकडे आकडेच राहून जातात आणि लाइन दिवसरात्र जोडलेलीच असते. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "स्पीड किती म्हणतात?" मी म्हटलं, चौसष्ट.

"चौसष्ट?" बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. "आपल्या खोक्यावर छप्पन आहे. त्यांचं चौसष्ट. म्हणजे आठाचा फरक! आठासाठी मी चार दिवस खड्ड्यात बसलो?"

पुढचे आठ दिवस ज्याला त्याला ते हेच सांगत सुटले. दूधवाल्याला, शेजारच्या कुलकर्ण्यांना, चंदूभैयांना तर समोरासमोर. चंदूभैया मोठ्या मनाचे. हसून म्हणाले, "काकाजी, आप खुद घड़ी लेकर देख लो. बिटिया को भी ले आओ." आणि एका रविवारी सकाळी बाबा, मी आणि बाबांचं मनगटी घड्याळ असे आम्ही तपासणीला निघालो. आदल्या दिवशी मी घरी एक फोटो उतरवून ठेवला होता, शनी ग्रहाचा, कड्यांसकट, चांगला मोठा. घरी त्याला अकरा मिनिटं लागली होती. फोटो वरून एकेक पट्टी करत खाली उतरत होता आणि बाबा म्हणाले होते, शनीच तो, सावकाशच येणार. सेंटरमध्ये मी तोच फोटो लावला. बाबा घड्याळाकडे बघत होते. साडेपाच मिनिटांत शनी कड्यांसकट हजर. बाबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. मग मी त्यांना वही काढून दाखवली. खोक्यावरचं छप्पन ही कंपनीची आशा होती, आपल्याला मिळत होते एकतीस. त्यांचे चौसष्ट मात्र खरोखरचे चौसष्ट होते, यायलाही तेवढेच आणि जायलाही तेवढेच, आणि मध्ये तुटायची भीती नाही. तेवढ्यात आठही मशीनांवर पोरं येऊन बसली आणि सगळ्यांमध्ये वाटली गेल्यावर ती लाइन आमच्यापेक्षाही हळू चालायला लागली. बाबांचा चेहरा फुलला. येताना त्यांनी मला बाड्यावर बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी खाऊ घातली, आणि पानात दुसरी बेडई पडली तेव्हा म्हणाले, "एकाची लाइन ती एकाची. तिथे गर्दी आहे."

आज माझ्या हातातल्या फोनवर तो शनी बोट लावायच्या आत उघडतो. मामेबहिणीच्या मुलाला अकरा मिनिटांची गोष्ट सांगितली तर तो म्हणतो, "मावशी, तेवढा वेळ तुम्ही करायचात काय?" मी सांगते, बघत बसायचो. त्याला ते खरं वाटत नाही.

हे सगळं चालू असताना राज्याची वाटणी ठरली होती. पूर्वेकडचा भाग तोडून नवं राज्य होणार, राजधानी रायपूर, आणि राज्य वाटलं म्हणजे माणसंही वाटली जाणार. आईच्या ऑफिसातून किती जण तिकडे जाणार याची चर्चा घराघरात सुरू झाली. जो तो आपापल्या कारणांची जुळवाजुळव करत होता, कुणाची आई आजारी, कुणाचा मुलगा बारावीला. बाबांची नोकरी केंद्राची, त्यांना कुणी हलवणार नव्हतं. पण आईचं नाव यादीत निघालं तर ती रायपूरला आणि आम्ही इथे, असा प्रकार होणार होता. बाबांना ती कल्पनाच सहन होत नव्हती. जेवताना घास हातात धरून ते म्हणायचे, "नाही येणार नाव. तू सीनियर आहेस." आई म्हणायची, "बघू." आत्या म्हणायची, "अरे, हिला रायपूरला कोण ओळखतं?" जणू ओळखीच्या गावीच बदली होते. मी मनातल्या मनात आईशिवायचं घर उभं करून बघायचे आणि लगेच पाडून टाकायचे. माझी भीती अगदी साधी होती. सकाळी साडेनवाला तिच्या साडीच्या पदराला पावडरचा वास यायचा, तो येणार नाही, एवढंच मला कळत होतं.

यादी आली ती नेमकी दसऱ्याच्या सकाळी. म्हणजे आली होती आदल्या संध्याकाळीच, भोपाळच्या एका वेबसाइटवर चढवून साहेब लोक सुट्टीवर निघून गेले होते. ऑफिस बंद, चंदूभैयांचं सेंटरही पूजेसाठी बंद. आईच्या ऑफिसातल्या श्रीवास्तवजींना कुणीतरी भोपाळहून फोन केला आणि नऊच्या सुमारास ते आणि आणखी सहा-सात जण आमच्या दारात उभे. "भाभीजी, त्योहार के दिन तकलीफ दे रहे हैं." आत्यानं कपाळाला हात लावला, कारण घरात पूजेची मांडणी चालली होती. चक्का रात्रभर फडक्यात टांगलेला होता, तो आत्ताच उतरवून आई पातेल्यात साखर घोटत होती, वेलदोड्याचा आणि केशराचा वास थेट जिन्यापर्यंत गेलेला. बाहेरच्या खोलीत पाटावर लाल कापड, त्यावर ती गंजलेली तलवार, तिच्या शेजारी बाबांची पक्कड, कातर, सांधे करायची सगळी हत्यारं धुऊन-पुसून ओळीनं मांडलेली, झेंडूचे हार आणि शमीची पानं. आणि त्या वर्षी आत्यानं हट्टानं मोडेमही पाटावर ठेवायला लावला होता. "याच्यावर घर चालतं म्हणता ना? मग हत्यारच ते." मोडेमची वायर लांब होती. तो पाटावर बसूनही कॉम्प्युटरला जोडलेला राहू शकत होता, म्हणून मी काही बोलले नाही.

लोक जमले, फोनवर लाल टॉवेल पडला, भांडण झालं. अठ्ठावीस हजार आठशे. बाबा पुटपुटले, "सणाचा दिवस, सगळं गाव फोनवर आहे." यादी म्हणजे टाइप केलेल्या कागदांचे फोटोच होते, शिक्क्यासकट. प्रत्येक पान त्या शनीसारखं वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं. पहिल्या पानाचं शीर्षक यायलाच दोन मिनिटं लागली. मग नावं. नाव, पद, आणि शेवटचा रकाना कारणाचा. बहुतेकांपुढे 'कनिष्ठता' लिहिलेलं. एखाद्याचं नाव उतरलं की तो माणूस खाली बसायचा, बाकीचे त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायचे. तीन पानं झाली. आईचं नाव नव्हतं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि प्रत्येक पानाबरोबर तो हात हलका होत होता. मी मागे वळून आईकडे बघितलं. ती आमच्यात नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात श्रीखंडाचा चमचा, आणि स्क्रीनकडे न बघता बाबांच्या पाठीकडे बघत होती.

चौथं पान उतरायला लागलं. वरची दोन नावं आली, तिसऱ्या ओळीचा माथा दिसायला लागला, आणि सगळं थांबलं.

आत्या पूजेला बसली होती. तिनं तलवारीला हळदकुंकू वाहिलं, पकडीला वाहिलं, कातरीला वाहिलं, आणि मोडेमपाशी आली तर तो दिवे लुकलुकवतो आहे. आमच्या घरचा नियम असा की पूजेला बसवलेलं हत्यार चालू नसतं, त्या दिवशी त्याला विश्रांती. पन्नास वर्षं तिनं तो पाळला होता. तिनं मागचं बटण दाबून मोडेम बंद केला, त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. खोलीत एकदम हाहाकार झाला. "अरे दीदी, यह क्या कर दिया!" श्रीवास्तवजी ओरडले. आत्या घाबरली नाही. शांतपणे म्हणाली, "आज दसरा है. आज ये नहीं चलेगा. पूजा होने दो, फिर चलाओ." तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. शेवटी आईनंच सगळ्यांना गच्चीवर पाठवलं, "पाच मिनट, श्रीखंड खा लीजिए," आणि आत्या पूजा आटोपून पातेलं नि वाट्या घेऊन त्यांच्यामागून गेली.

खोलीत आम्ही तिघं उरलो. बाबा पाटाशी गुडघ्यांवर बसून मोडेमवरचं फूल जपून बाजूला करत होते. आई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"अहो, जरा थांबा."

"अगं आता लावतो. तिसरी ओळ होती, फार तर..."

"तिसरं नाव माझं आहे."

बाबा हसले. "तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे, कारण मी लिहून दिलं आहे. ऑफिसनं विकल्प मागितला होता, इथे की तिथे. मी रायपूर लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'स्वेच्छा' येणार आहे, ते सगळ्यांच्या समोर तुम्ही वाचू नये म्हणून सांगून राहिले आहे." ती एका दमात बोलली आणि मग तिचा आवाज खाली गेला. "इथे मी याच टेबलावर रिटायर होईन. माझ्यावर अकरा जण आहेत. तिथे जागा रिकाम्या आहेत. तिथे मी अधीक्षक होईन. महिनाभर सांगायचं म्हणत होते, तुम्ही ऐकूनच घेत नव्हता. नाव नाही येणार, नाव नाही येणार."

फूल बाबांच्या हातातच राहिलं. आत्ता विचार करते तेव्हा वाटतं, चंदूभैयांच्या लाइनवर ते पान दीड-दोन मिनिटांत धडधडीत समोर आलं असतं, आठ माणसांच्या देखत, आणि आईला तोंड उघडायला जागाच उरली नसती. मी वेगाच्या बाजूची माणूस आहे, पुढे जन्मभर त्याच धंद्यात राहिले. तरी त्या सकाळच्या त्या हळू, तुटक्या, ओल्या सांध्यांच्या लाइनचं मला फार प्रेम आहे.

लोक हात पुसत खाली आले. मोडेम जोडला, भांडण झालं, चौथं पान पुन्हा पहिल्या पट्टीपासून उतरलं. तिसरी ओळ आली. आईचं नाव, पद, आणि शेवटी 'स्वेच्छा'. श्रीवास्तवजींनी आईकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हाँ, हमको तो मालूम था. घर में बात हो गई थी." आई झर्रकन आत निघून गेली. मी मागोमाग गेले तर ती पातेल्याच्या कडेचं श्रीखंड चमच्यानं खरवडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पण लोकांपुढे मान राखणं वेगळं आणि मनातून कबूल करणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून बाबा आईशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. "वसू, आईला सांग, डाळीत मीठ कमी आहे." आई समोरच बसलेली असायची. आत्यानं दोघांशीही बोलणं टाकलं, कारण तिच्या मते चूक दोघांचीही होती. घरात एवढी शांतता कधी झाली नव्हती. मी माझ्या वहीत आकडे लिहायचे सोडून दिले. आक्षेप घ्यायला आठ दिवस होते, आणि श्रीवास्तवजी रस्त्यात भेटून बाबांना सांगून गेले की पती-पत्नीचं प्रकरण आहे, भाभीजींची एक अर्जी गेली की नाव कटेल. यादीच्या खाली ई-मेलचा पत्ता होता, कागद न्यायचीही गरज नाही. साहेबांना त्या पत्त्याचं फार कौतुक होतं म्हणे.

सातव्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांनी आईच्या नावानं, हिंदीतून, आक्षेप लिहून आणला होता. अक्षर त्यांचं मोठं, लहान मुलासारखं. 'मैं अपना विकल्प वापस लेती हूँ.' मी आईकडे बघितलं. आई मटार सोलत होती. मला वाटलं आता ही उसळणार. ती उठली, हात पुसले, चष्मा लावला आणि कागद वाचला.

"विषय वर लिहायचा असतो," ती मला म्हणाली. "आणि क्रमांक घातलेला नाही. आदेश क्रमांकाशिवाय आक्षेप कुणी उघडतसुद्धा नाही. हे 'निवेदन है' दोन वेळा आलं आहे, एक काढ." तिनं पेन घेऊन तीन ठिकाणी दुरुस्त केलं, खाली क्रमांक घातला, जो तिला पाठ होता, आणि कागद माझ्याकडे दिला. "आता टाइप कर. हे टिकेल."

आणि परत मटार सोलायला बसली.

मी टाइप केलं. मला आई इथेच हवी होती, त्यात खोटं काय सांगायचं, आणि तरी ते 'वापस लेती हूँ' टाइप करताना मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं. बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांच्या हातात आईनं दुरुस्त केलेला तो कागद होता, आणि ते तो पुन्हा पुन्हा वाचत होते, तिच्या बारीक, सुबक, वीस वर्षं घोटलेल्या अक्षरावर त्यांची नजर परत परत जात होती. मी बटण दाबलं. टोन आला, नंबर फिरला, शिट्टी झाली, खरखर सुरू झाली. बाबांनी सवयीनं डोळे मिटले. मी वाट बघत होते की ते आता निदान सांगतील. तेवढ्यात खटकन आवाज झाला आणि सगळं गप्प झालं. वळून बघते तर फोनची वायर बाबांच्या हातात होती, भिंतीतून उपटलेली. सगळ्या नोकरीत त्यांनी कुणाची लाइन कापल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी वायर खाली ठेवली आणि आईसमोर जाऊन जमिनीवर बसले. मग परातीतली एक शेंग घेऊन सोलायला लागले.

"अधीक्षक म्हणजे," ते म्हणाले, थेट तिलाच, आठवड्यात पहिल्यांदा, "तुझ्या हाताखाली किती माणसं असतील?"

आईनं वर न बघता सांगितलं, "सात."

"सात?" बाबांनी विचारलं.

"सात. आणि एक शिपाई."

बाबांनी परातीतल्या उरलेल्या सगळ्या शेंगा सोलून संपवल्या. मग आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती त्यांच्या आवाजानं. जिन्यात उभे राहून ते दूधवाल्याला सांगत होते, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकापर्यंत जावा, "अगले महीने से दूध आधा लीटर कम देना, भैया. हमारी मैडम रायपुर जा रही हैं. सात आदमी रहेंगे उनके नीचे, सात."